ऑर्किडची कुंडी कधी बदलायची आणि कशात लावायची? तीन झाडं, तीन वेगळ्या जागा

अंगणवेल

नमस्कार मंडळी, ऑर्किडबद्दल विचारायचंय. जरा सविस्तर लिहिते म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

माझ्याकडे तीन ऑर्किड आहेत. पहिलं फॅलेनॉप्सिस, ते घरात खिडकीपाशी असतं आणि त्या खोलीत बराच वेळ एसी चालू असतो. विकत आणलं तेव्हापासून त्याच पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत आहे, आत नुसतं मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, ठासून भरलेलं. वरचं मॉस हाताला कडकडीत कोरडं लागतं पण कुंडी उचलली की जड वाटते. खालची दोन पानं मऊ पडून सुरकुतलीत आणि दांड्यावर अजून तीन-चार फुलं आहेत.

दुसरं डेंड्रोबियम, ते उघड्या गच्चीवर शेडनेटखाली, पाऊस आला की थेट अंगावर येतो आणि आला की कितीतरी दिवस थांबत नाही. त्याच्या जुन्या काठ्यांची, म्हणजे उभ्या जाड खोडांची, पानं सगळी गळलीत, नुसत्या उघड्या काठ्या उभ्या आहेत, पण एका काठीवर वरच्या बाजूला छोटं पिल्लू आलंय आणि त्याला मुळं पण सुटलीत.

तिसरं कॅटलिया, मातीच्या कुंडीत, बाल्कनीत. सकाळचं ऊन मिळतं, वारा भरपूर, हवा कोरडी. ते कुंडीच्या काठावरून बाहेर निघालंय, पुढचे दोन बल्ब (पाणी साठवणारी फुगीर खोडं) हवेत आहेत आणि मुळं कुंडीला बाहेरून घट्ट चिकटलीत.

आता प्रश्न असे की तिन्ही एकदमच रिपॉट करू का, म्हणजे कुंडी आणि मिश्रण बदलू का? फुलं असताना हात लावू नये म्हणतात ते खरं का? आणि कशात लावायचं, कारण कोणी बार्क म्हणजे झाडाच्या सालीचे तुकडे म्हणतं, कोणी नुसता कोळसा, कोणी नारळाच्या सोडणाचे तुकडे, आता लेका, म्हणजे भाजलेल्या मातीचे हलके गोळे, हेही ऐकतेय. सगळे आपापलंच बरोबर म्हणतात आणि सगळ्यांची झाडं छान दिसतात, मग नक्की काय करू?

सावलीतलं_ऊन

अंगणवेल, तिन्ही एकदम नका करू. तिघांची वेळ वेगळी आहे आणि फॅलेनॉप्सिसची तर वेळ बघत बसायचीच नाही, आजच काढा.

वरून कोरडं आणि कुंडी जड म्हणजे आतलं मॉस ओलंगच्च आहे. विकतच्या बऱ्याच झाडांच्या बरोब्बर मध्यभागी, बुंध्याखाली, रोप लहान असताना वापरलेली मॉसची नाहीतर पीटची एक घट्ट गुंडी तशीच राहिलेली असते, कधी तिच्याभोवती प्लास्टिकची जाळी पण असते. बाहेरचं सगळं वाळलं तरी ती गुंडी ओलीच राहते, तिथे हवा पोचत नाही आणि मुळं तिथूनच सडायला लागतात. सुरकुतलेली पानं बघून आपल्याला वाटतं पाणी कमी पडतंय म्हणून आपण अजून घालतो, पण पाणी खरंच कमी पडलं तरी पानं सुरकुततात आणि मुळं सडल्यामुळे पाणी वर चढत नसलं तरी अगदी तशीच सुरकुततात. पानांवरून ठरवूच नका, मुळं बघा.

फुलं असताना रिपॉट करू नये हे निरोगी झाडापुरतं बरोबर आहे, म्हणजे झाड काही त्याने मरत नाही, फुलं लवकर गळतात इतकंच. मुळं सडत असतील तर फुलांसाठी थांबण्यात अर्थ नाही. दांडा कापून पाण्यात ठेवा, फुलं तिथेही चांगली टिकतात आणि झाडाची ताकद मुळांकडे जाते.

काढायच्या आधी कुंडी साध्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा. भिजलेली मुळं लवचिक होतात, कोरडी असताना वाकवली की काडकन मोडतात. मग कुंडीच्या बाजू दाबून सैल करा, झाड धरून ओढू नका, निघत नसेल तर सरळ कात्रीने कुंडी कापा, कुंडी काय दुसरी मिळेल. मॉस बोटांनी आणि चिमट्याने थोडं थोडं काढायचं, मधल्या गुंडीपाशी सगळ्यात जास्त वेळ लागतो पण तीच निघायला हवी, ती ठेवली तर बाकी सगळं केलेलं वाया. मग एकेक मूळ दोन बोटांत धरून हलकं दाबून बघा. टणक लागलं की जिवंत. रंगावर जाऊ नका, आत उजेड न मिळालेली मुळं पिवळट तपकिरी दिसतात आणि लोक ती उगाच कापून टाकतात. मऊ, पोकळ, दाबल्यावर पाणी सुटणारं, किंवा वरचं आवरण सरकन निघून आत नुसती तार राहते असं मूळ मेलेलं, ते कापायचं. जिथे टणक भाग सुरू होतो तिथपर्यंतच कापा, अख्खं मूळ बुंध्यापासून काढायची गरज नसते.

मुळावर तो पांढरट थर असतो ना, वेलामेन म्हणतात त्याला, तो मेलेल्या पेशींचा असतो आणि पाणी चटकन शोषून घेतो. भिजला की पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो, वाळला की परत चंदेरी. म्हणून पारदर्शक कुंडी मला आवडते, आत चंदेरी दिसलं की पाणी, हिरवं असेल तर थांबा, दुसरं काही बघायला नको. फक्त ही कुंडी भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत ठेवत असाल तर पाणी घालताना बाहेर काढा आणि पूर्ण निथळल्यावरच परत ठेवा, खाली साठलेलं पाणी दिसत नाही आणि तळची मुळं त्यातच बसतात.

आता कशात लावायचं. तुम्ही विचारलंत सगळे आपापलंच बरोबर कसं म्हणतात, तर बहुतेक सगळे बरोबरच असतात, त्यांच्या हवेपुरते. कुठलंही मिश्रण घेण्याआधी एवढंच बघा की तुमच्या जागेत ती कुंडी किती दिवसांत कोरडी होते. फॅलेनॉप्सिसची कुंडी साधारण ५ ते ७ दिवसांत जवळजवळ कोरडी व्हावी, त्याआधीच होत असेल तर पाणी धरणारं थोडं वाढवा, १०-१२ दिवस ओली राहत असेल तर मोकळं करा किंवा कुंडी लहान करा. एसीच्या खोलीसाठी मी मध्यम आकाराचा बार्क, म्हणजे एक-दीड सेंटीमीटरचे तुकडे, थोडा कोळसा आणि अगदी मूठभर मॉस मिसळून असं घेईन. बार्क आदल्या रात्री भिजत घाला, कोरडा बार्क पाणी पितच नाही, नुसतं वरून वाहून जातं.

कुंडी मात्र मोठी घेऊ नका. मुळं कापून झाल्यावर जेवढी राहिली तेवढी जेमतेम मावतील अशीच, बऱ्याचदा आधीच्यापेक्षा लहान घ्यावी लागते.

गच्चीवरची_हिरवळ

वरचं सगळं पटलं, फक्त मॉस आणि बार्क दोन्ही वाचून मला गच्चीवरच्या डेंड्रोबियमची काळजी वाटली, त्याला ते मिश्रण अजिबात देऊ नका. माझी सगळी झाडं उघड्यावर, दमट हवेत असतात आणि पावसाच्या दिवसांत आठवडाच्या आठवडा कुंडी वाळतच नाही, तिथे बार्क फार लवकर कुजून भुगा होतो, भुगा झाला की हवा बंद आणि मग मुळं जातात. मी कोळशाचे मोठे तुकडे आणि विटांचे तुकडे एवढंच वापरतो, वर काही नाही, कुंडीला खाली आणि बाजूने पण भोकं. नारळाच्या सोडणाचे मोठे तुकडे चालतात पण थोडेच, आणि वापरायच्या आधी भिजवून पाणी चार-पाच वेळा बदला, त्यात मीठ असतं आणि तो तांबडा रंग सुटतो तोही जाऊ दे. कोकोपीट म्हणजे तो बारीक भुसा मात्र ऑर्किडला नकोच.

आणि त्या उघड्या काठ्या कापू नका!! हे मोठ्याने सांगायचं कारण सगळ्यात जास्त डेंड्रोबियम इथेच वाया जातात, पानं गळली म्हणजे काठी मेली असं समजून लोक कापून टाकतात. काठी टणक आणि भरलेली असेल तर त्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, नवीन कोंब त्याच्यावर वाढतो आणि पुष्कळदा जुन्या काठीवरच परत फुलं येतात. पूर्ण वाळून तपकिरी, आतून पोकळ झाली असेल तरच काढा.

पिल्लाची मुळं ३ ते ५ सेंटीमीटर झाली की काठीपासून हळूच वेगळं करा, अगदी छोट्या कुंडीत लावा. मुळं त्याहून कमी असतील तर राहू दे आईपाशीच, काही बिघडत नाही.

मोठ्या झाडाचं रिपॉटिंग कधी, तर बुडाशी नवीन कोंब फुटून त्याला मुळांची टोकं दिसायला लागतील तेव्हा. त्याआधी केलं तर जुनी मुळं हलतात, नवीन अजून आलेली नसतात आणि झाड नुसतंच बसून राहतं. डेंड्रोबियमला घट्ट कुंडी आवडते, काठ्या उंच झाल्या की झाड कलंडतं म्हणून लोक मोठी कुंडी देतात आणि मग आतला भाग वाळतच नाही. त्यापेक्षा तीच लहान कुंडी एका जड मातीच्या कुंडीत ठेवा, मधल्या फटीत दगड भरा, झाड पडणार नाही आणि मुळंही कोरडी होतील.

सतत पावसाला डेंड्रोबियम घाबरत नाही, खाली पाणी थांबलं नाही आणि वारा खेळता राहिला तर. पावसाचं पाणी उलट चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. फक्त कोवळ्या कोंबाच्या पोंग्यात पाणी साठून राहिलं तर कोंब काळा पडतो, तेवढं बघा. गोगलगायी रात्री येऊन मुळांची हिरवी टोकं खातात, सकाळी टोक गायब दिसलं तर त्यांचंच काम. कुंडी जमिनीवर ठेवण्यापेक्षा टांगलेली बरी.

अंगणवेल

दोघांचेही मनापासून आभार. फॅलेनॉप्सिस काढलं, मध्ये खरंच जाळीची गुंडी निघाली, आणि आतून वास येत होता. टणक मुळं आता फक्त दोनच उरलीत, एक लांब आणि एक बोटभर, बाकी सगळी नुसती तार. पानं चार आहेत, वरची दोन अजून ताठ. एवढ्यावर जगेल का? कोणी सांगितलं कापलेल्या जागी दालचिनी पावडर लावा आणि हायड्रोजन पेरॉक्साईड ओता, ते करू का?

डेंड्रोबियमची फुलं मागच्या वेळी काठीच्या टोकाला लांब दांड्यावर आली होती, ते सांगायचं राहिलं.

सावलीतलं_ऊन

जगेल, दोन मुळं पुष्कळ आहेत. शेंडा हिरवा असला की झाडात जीव आहे.

दालचिनी मुळांना लावू नका. ती बुरशी रोखते पण त्याबरोबर ओलावाही ओढून घेते आणि आता तुमच्याकडे असलेली दोन मुळं वाळवून चालणार नाहीत. पानाला किंवा जाड खोडाला काप गेला असेल तर तिथे चिमूटभर लावली तर ठीक. पेरॉक्साईड पण नको, ते सडलेल्या भागाबरोबर चांगल्या पेशीही जाळतं. नुसतं वाहत्या पाण्यात धुवा, सावलीत वाऱ्यावर काप सुकू द्या, एक दिवस पुरतो.

मग अशा झाडाला बार्क राहू दे, त्याला पाणी धरणारं पण हवेशीर काहीतरी हवं. छोट्या कुंडीत ताजं मॉस अगदी सैल भरायचं, आधी भिजवून घट्ट पिळून, म्हणजे हाताला नुसतं गार लागेल पण थेंब पडणार नाही. बुंधा मॉसच्या वर, मुळं मॉसमध्ये. वरून मोठी पारदर्शक पिशवी, तोंड थोडं उघडं, एसीच्या झोतापासून लांब, उजेडात पण उन्हात नाही. पिशवीत ऊन लागलं तर झाड उकडून निघेल. पानांतून पाणी उडून जाणं कमी झालं की दोन मुळांवर भागतं. पिशवीत बुरशी दिसली तर तोंड जास्त उघडा. खत आत्ता शून्य. नवीन मुळं बुंध्याच्या बाजूने, पानांच्या मधून बाहेर येतील, ती चांगली लांब झाली की मग बार्कमध्ये. सुरकुतलेली पानं परत पूर्वीसारखी होतीलच असं नाही, त्यावरून खचू नका, नवीन पान कसं येतंय ते बघा.

आणि हो, पोंग्यात पाणी जाऊ देऊ नका, गेलं तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या. शेंडा सडला की फॅलेनॉप्सिसला दुसरा शेंडा नसतो, बाजूने पिल्लू फुटलं तरच वाचतं.

कोरडी_हवा

मॉस म्हणजे विष असं वाचून वाचून लोक घाबरतात, इथे शेवटी मॉसनेच झाड वाचवायला घेतलंय ते बरं झालं. माझ्याकडे हवा इतकी कोरडी की बार्क दीड दिवसात खडखडीत होतो, मी मॉसच वापरते पण मातीच्या कुंडीत आणि सैल. ठासून भरलं की सडणार, सैल भरलं की चालतं, फरक तेवढाच. आणि दीड-दोन वर्षांनी बदलायचं, दिसायला चांगलं असलं तरी, कारण आत क्षार साठतात आणि ते आंबायला लागतं.

कॅटलियाबद्दल लिहिते, ते माझं आवडतं आहे. सगळ्यात पुढच्या बल्बच्या बुडाशी बघा, तिथे मुळांचे हिरवे गुलाबी ठिपके फुगून वर आलेत का? ते एखाद सेंटीमीटर व्हायला लागले की त्याच आठवड्यात रिपॉट करा. मुळं लांब झाली की हाताळताना टोकं मोडतात, मोडलेलं टोक पुढे वाढत नाही, मागून फाटा फुटला तर फुटला. आणि अजून ठिपकेच नसतील तर थांबा, कुंडीबाहेर लटकलं म्हणून काही होत नाही. एका बल्बवर दोन पानं येणाऱ्या जाती याबाबतीत फार हट्टी असतात, चुकीच्या वेळी हलवलं तर वर्षभर रुसतात, एकपानी जाती बऱ्याच सोशिक.

कुंडीला चिकटलेली मुळं ओढू नका. भिजवा, बोथट पातळ सुरी कुंडीला लावून मुळाखालून सरकवा. नाही निघाली तर कुंडीवर हातोडीने हळू ठोकून ती फोडा आणि मुळाला चिकटलेली खापरी तशीच राहू द्या, खापरीसकट नवीन कुंडीत लावा, मुळाला त्याचं काही वाटत नाही.

मला त्याहून आवडणारी पद्धत अशी की झाडाला हातच लावायचा नाही. पुढचे दोन बल्ब जिथे लटकतायत त्याच्या खाली दुसरी भरलेली कुंडी टेकवून ठेवायची, दोन्ही कुंड्या तारेने बांधायच्या. नवीन मुळं आपोआप दुसऱ्या कुंडीत शिरतात, तिकडे चांगली रुजली आणि पुढे अजून बल्ब आले की मधलं आडवं खोड कापायचं. झाडाला कळतही नाही. वेळ लागतो पण तुमच्याकडे घाई कुठे आहे?

वेगळं करताना दर भागात कमीत कमी ३-४ बल्ब ठेवा, एकेक बल्ब लावला तर फुलायला वर्षं जातात. लावताना जुनं टोक कुंडीच्या काठाला टेकवायचं आणि वाढणारं टोक मोकळ्या जागेकडे, म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं बघायला नको. आडवं खोड पुरायचं नाही, ते वरच दिसलं पाहिजे. आणि काठीला बांधा. बांधून झालं की झाड धरून उचला, कुंडी पण बरोबर उचलली गेली पाहिजे. झाड जरा जरी डुगडुगलं तरी नव्या मुळांची टोकं मिश्रणाला घासून मरतात, रिपॉट केलेली निम्मी झाडं पाण्यामुळे नाही, या हलण्यामुळे मागे पडतात असं माझं मत आहे.

एक अगदी महत्त्वाचं, कात्री. एका झाडाची कात्री दुसऱ्याला तशीच लावू नका. ऑर्किडमध्ये सिंबिडियम मोझेक व्हायरस आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट व्हायरस हे दोन खूप आढळतात, दोन्ही रसातून पसरतात आणि दोन्हींवर औषध नाही. पातं गॅसच्या ज्योतीवर चांगलं तापवा किंवा प्रत्येक झाडाला नवीन ब्लेड घ्या. नुसतं सॅनिटायझर पुसून व्हायरस जाईल असं धरून चालू नका. जुनी कुंडी परत वापरायची तर ती पण धुवून ब्लीचच्या पाण्यात ठेवा. जुनं मिश्रण मात्र परत वापरायचं नाही, कितीही चांगलं दिसलं तरी.

लेकाबद्दल विचारलं होतंत. कोरड्या हवेत छान चालतं. कुंडीच्या बाजूला, तळापासून अडीच सेंटीमीटरवर भोकं, त्याखाली पाणी साठतं आणि गोळे ते वर खेचतात. पण बार्कमधली जुनी मुळं तिथे टाकली की बरीचशी सडतात, त्यांना त्या ओलाव्याची सवय नसते, म्हणून लेकात जायचं ते नवीन मुळं फुटतानाच. आणि महिन्यातून एकदोनदा वरून भरपूर साधं पाणी सोडून सगळे क्षार धुवून काढायचे, नाहीतर वरच्या गोळ्यांवर पांढरा थर येतो.

धुक्यातली_बाग

लेका थंड जागेत नको, एवढं मी लिहितो. पाणी उडताना गोळे अजून गार होतात आणि मुळं गारठतात. माझ्याकडे रात्री बऱ्याच थंड असतात त्यामुळे तुमच्या तिघांपैकी फॅलेनॉप्सिस माझ्याकडे बाहेर टिकणारच नाही, त्याला रात्री १६-१९ आणि दिवसा २४-२९ अंश बरं वाटतं. पण तुमचा एसी फुलांसाठी कामाचा आहे, कारण दांडा निघायला काही आठवडे तापमान २५-२६ च्या खाली लागतं आणि सतत २८ च्या वर राहिलं तर नुसती पानं येत राहतात.

गच्चीवरची हिरवळ यांनी सांगितलेलं डेंड्रोबियमचं सगळं अंगणवेलच्या झाडाला लागू आहे कारण त्याची फुलं टोकाला दांड्यावर येतात, ती उष्ण हवेची जात. हे वाचणाऱ्या कोणाकडे काठीच्या पेरापेरावर फुलं येणारं नोबिली असेल तर त्याचं वेगळं असतं. त्याला थंडीत गार रात्री, अगदी थोडं पाणी आणि खत बंद असं द्यावं लागतं, नाहीतर फुलांच्या जागी पिल्लंच येत राहतात. पिल्लं आली म्हणून आपण खूश होतो पण ते नायट्रोजन आणि पाणी जास्त झाल्याचं लक्षण असतं.

सिंबिडियम या ऑर्किडला पण फुलं यायला रात्री १०-१४ अंशांपर्यंत उतराव्या लागतात, म्हणून उष्ण हवेत ते वर्षानुवर्षं गवतासारखं वाढत राहतं आणि लोक खतं बदलत बसतात. त्याची कुंडी फुलं संपल्यावर, दोन-तीन वर्षांतून एकदाच बदला, बार्क बारीक घ्या. पॅफिओपेडिलम या ऑर्किडला बल्ब नसतात, पाण्याचा साठा नसतो, म्हणून ते पूर्ण वाळू द्यायचं नाही आणि मिश्रण दरवर्षी नाहीतर दोन वर्षांनी ताजं करायचं. त्याची मुळं तपकिरी आणि लवदार असतात, ती निरोगी असतात, फॅलेनॉप्सिसची सवय असलेल्यांनी सडकी समजून कापू नयेत!

थंड जागेत पाणी नेहमी सकाळी, आणि बर्फगार नको. रात्र पडेपर्यंत पानं कोरडी झाली पाहिजेत.

गच्चीवरची_हिरवळ

खताचं राहिलं. पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भाग, दर आठवड्याला, मुळं ओली असताना. २०-२०-२० (हे आकडे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियमच्या प्रमाणाचे) चालतं पण नायट्रोजन युरियातून आलेला नको, युरियाचं झाडाला घेता येईल असं रूप करणारे जिवाणू मातीत भरपूर असतात, कोळशाविटांत फार कमी. आरओचं पाणी वापरत असाल तर त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम काहीच नसतं, मग ते असलेलं खत घ्या, मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचं १३-३-१५ हे सूत्र त्यासाठीच आहे. रिपॉट केल्यावर नवीन मुळं दिसेपर्यंत मात्र काही नको.

उजेडाचं पण पानं सांगतात. गडद हिरवी, लांबट, लोंबणारी पानं म्हणजे उजेड कमी. पोपटी आणि ताठ म्हणजे बरोबर. कडेला लालसर झाक आली की हद्द झाली, त्यापुढे ऊन नको. पान हाताला गरम लागलं तर ताबडतोब सावलीत.

अंगणवेल

किती व्यवस्थित सांगितलंत सगळ्यांनी! फॅलेनॉप्सिस पिशवीत बसलंय, डेंड्रोबियमला बुडाशी अजून कोंब नाही म्हणून ते तसंच ठेवलंय, पिल्लू तेवढं काढीन. कॅटलियाला दुसरी कुंडी टेकवायची कल्पना फार आवडली. पण आज नीट बघितलं तर सगळ्यात पुढच्या बल्बच्या टोकाला, पानाच्या बुडाशी एक चपटं कागदी पाकीट आहे, आधी हिरवं होतं आता वाळून तपकिरी झालंय. ते काढू का? आणि मुळांचे ठिपके अजून नाहीत.

कोरडी_हवा

काढू नका, ती कळ्यांची खोळ आहे. कितीतरी कॅटलियांमध्ये खोळ आधी वाळते आणि कळी नंतर आतून वर येते, ती मेली असं नसतं. संध्याकाळी तिच्यामागे मोबाईलचा टॉर्च धरा, बुडाशी गडद सावली दिसली तर कळी आहे. आत दवाचे थेंब साठताना दिसले तर मात्र वरचं टोक कात्रीने जरासं कापा, म्हणजे कळी आत सडणार नाही, कात्री तापवून गार करून घ्यायची ते विसरू नका. दुसरी कुंडी आत्ताच टेकवून बांधून ठेवा, ठिपके आले की मुळं आपली आपण आत जातील. बांधताना बल्बला तार लागू देऊ नका, मऊ दोरी घ्या, आणि ठिपके दिसायला लागले की दुसऱ्या कुंडीतलं मिश्रण रोज सकाळी थोडं ओलं करत राहा, कोरड्या मिश्रणात मुळं शिरत नाहीत, वरून वळून परत हवेत जातात.